नानांचं इंजिन आणि आमचं धक्का मंडळ

रायपूरला दोन मराठी माणसं भेटली की तिसऱ्याची चौकशी करतात, आणि तीन भेटली की नानांच्या गाडीचा विषय निघतो. अजूनही निघतो! ती गाडी पाहिलेली माणसं आता नव्या कॉलन्यांमध्ये पांगली. पण लग्नाच्या पंगतीत शेजारी शेजारी बसलो की कोणीतरी हळूच म्हणतं, "ते धुराचं आठवते का?" लगेच दुसरा म्हणतो, "धुराचं तर काहीच नाही, बोरचं सांग!" मग मठ्ठा तसाच राहतो, वाढपी दोनदा येऊन परत जातो, आणि यजमानांना वाटतं की आमचं भांडण जुंपलंय.

असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. टाकीच्या तळाशी गाळ साचतो तसे ते साचत जातात. आज जरा उपसतो.

आधी माणसं सांगतो, म्हणजे घोळ नको. नाना भुसारी वीज खात्यातून रिटायर झालेले, आमच्या ब्राह्मणपाऱ्यातले; पारा म्हणजे इथला मोहल्ला. त्यांच्या बायकोला अख्खी गल्ली काकू म्हणायची. मुलगा शिरीष पुण्याला. आणि घरातली चौथी व्यक्ती म्हणजे गाडी. गोल बॉनेटची, मलई रंगाची, पेट्रोलवर चालणारी. म्हणजे चालली तर पेट्रोलवर! छत्तीसगड राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, गाडीच्या पाटीवरचं एमपी जाऊन सीजी आलं. बाकी त्या गाडीत नवीन काही आलं नाही.

इंजिन थकलेलं होतं. बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, पण इंजिनातच दम नाही. सकाळी नानांनी किल्ली फिरवली की ती म्हाताऱ्यासारखी खोकायची आणि गप्प व्हायची. मग नाना काच खाली करून फक्त हात बाहेर काढायचे. हाक मारायची गरज नसे. आम्ही तिघं आपापल्या फाटकातून निघायचो. मी सुधीर, विमा ऑफिसातला. विजू शेंडे, रेल्वेतला, मूळचा पुलगावचा, बोली अजून तिकडचीच. आणि जोगळेकर मास्तर, गणिताचे. मास्तर धक्का द्यायचे ते तोंडाने. "लावा! शाब्बास! अजून थोडं!" हात गाडीला टेकवलेला असायचा, पण लहान मुलाला आशीर्वाद द्यावा तसा.

"आपलं हे धक्का मंडळ आहे, बाप्पा," विजू म्हणायचा. "वर्गणी नाही, निवडणूक नाही. अस्सं मंडळ मराठी माणसाले जमत नाही!"

आणि एवढा खटाटोप करून नाना जायचे कुठे? भाजीला! शास्त्री बाजारात! पायी गेले असते तर गाडी गरम व्हायच्या आत कोथिंबीर घेऊन परत आले असते.

आता खरं दुखणं सांगतो. काकूंची बहीण नागपूरची. एकदा चार दिवस राहून परत निघाली, तर तिला स्टेशनवर सोडायला नानांनी गाडी काढली. अर्थात आम्हीही निघालो. बहिणीने खिडकीतून मागे वळून आम्हा तिघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "सुमे, गाडी आहे का रथ आहे वं? वढाले मानसं लागून राहिले!"

काकूंनी तेव्हा फक्त पदर सारखा केला. पण स्टेशनावरून परत आल्या आणि अंगणातच जाहीर केलं. "याच गाडीने नागपूरले जाईन, तिच्या दारात उतरेन, आणि एक धक्का लागू देणार नाही. नाही तर ही गाडी माझ्या दारात राहणार नाही. इंजिन नव्यानं बांधा, नाही तर विका!"

नाना म्हणाले, "पाहू."

नानांचा हा 'पाहू' दोन पावसाळे चालला.

*

धुराचं आधी सांगतो, कारण ते लहान आहे.

थकलेलं इंजिन ऑइल पितं, आणि प्यायलेलं ऑइल धूर होऊन मागून निघतं. नानांच्या गाडीचा धूर निळसर आणि चांगला दाट होता. गाडी गल्लीतून गेली की मागची घरं काही वेळ दिसत नसत.

राजधानी झाली तशी भोपाळहून बदली होऊन आलेली मंडळी घरं शोधत फिरायला लागली होती. आमच्या कोपऱ्यावरच्या माडीवर असेच एक मिश्राजी राहायला आले. पावसाळ्याचे दिवस, डास मनस्वी. आमच्या लक्षात आलं की नानांची गाडी निघाली की मिश्राजींच्या घरच्या सगळ्या खिडक्या धडाधड उघडतात. बाकी गल्ली बंद करते आणि हे उघडतात! आम्हाला वाटलं, माणूस शौकीन आहे.

एक दिवस मिश्राजी खाली उतरून रस्त्यात उभे राहिले. हात जोडून नानांना म्हणाले, "भाई साहब, बहुत अच्छा काम कर रहे हैं आप लोग. भोपाल में तो महीनों नहीं आते थे. बस, एक मिनट हमारी नाली के पास रुककर मार दिया कीजिए."

नानांना काही उमजेना. विजूने मागून वाकून सांगितलं, "नाना, तो तुमाले डासाच्या धुराची सरकारी गाडी समजून राहिला!"

मला वाटलं, नाना आता भडकणार. पण नाना गंभीरपणे म्हणाले, "जी, बिल्कुल." दुसऱ्या दिवशी नालीपाशी गाडी थांबवली आणि अॅक्सिलरेटर असा दाबला की मिश्राजींची माडी दिसेनाशी झाली.

काकूंनी विचारलं, "हे काहून करून राहिले तुम्ही?"

"नवीन राजधानी आहे," नाना म्हणाले. "पाहुण्यांचा विश्वास मोडू नाही."

*

राजधानी झाल्याचा पहिला फायदा रायपूरला काय झाला ते मला माहीत नाही. नानांना काय झाला ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या काळात शहराला ताफ्यांची सवय नव्हती. शिट्ट्या वाजल्या की लोक दुकानातून बाहेर येऊन पाहायचे. असंच एकदा मी आणि विजू नानांबरोबर जयस्तंभ चौकातून चाललो होतो. शिट्ट्या सुरू झाल्या, पोलिसांनी रस्ता अडवला, नानांनी ब्रेक मारला. ब्रेक मारल्यावर ही गाडी बंद पडायची, हे सांगायला नकोच. पडली. ती पण अशी की नाक चौकात आणि शेपूट रस्त्यात!

एक इन्स्पेक्टर धावत आला. "हटाओ! हटाओ गाड़ी! साहब निकल रहे हैं!"

नाना शांत. "हटाते हैं. धक्का लगेगा."

"तो लगवाओ!"

आम्ही दोघं उतरायला लागलो तर दार उघडेना. माझ्या बाजूचं दार फक्त बाहेरून उघडायचं आणि विजूच्या बाजूचं मुळीच नाही. तिकडे लाल दिवा दिसायला लागला. इन्स्पेक्टरने डोक्यावरची टोपी नीट केली, चार शिपाई बोलावले, आणि स्वतःही मागून हात लावला. अहो, काय धक्का होता तो! आमच्या सगळ्या मंडळाच्या आयुष्यात तसा बसला नव्हता. इंजिन एका झटक्यात पेटलं आणि ताफा आमच्या धुरातून पुढे गेला.

नानांनी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली आणि धापा टाकणाऱ्या इन्स्पेक्टरला म्हणाले, "थैंक यू साहब! हम रोज इसी टाइम पे निकलते हैं."

*

आता बोरचं. हा किस्सा नागपूरपर्यंत पोचलेला आहे, म्हणून नीट सांगतो.

काकूंनी 'बांधा नाही तर विका' म्हटल्यापासून गल्लीत दोन पार्ट्या पडल्या होत्या. विजू म्हणायचा बांधा. मास्तर म्हणायचे विका, आणि ते फळ्यावर सिद्ध करून दाखवायलाही तयार होते. शिरीष दर रविवारी फोनवरून सांगायचा, "बाबा, उसमें अब कुछ नहीं बचा है, निकाल दो." हा मुलगा बापाशी मराठीत सुरू करायचा आणि गाडीवर आला की हिंदीत शिरायचा. मी दोन्ही पार्ट्यांत होतो. चहा दोन्हीकडे मिळायचा.

शेवटी नाना एकदाचे, घरी भाजीला जातो म्हणून सांगून, भनपुरीला साहू मिस्त्रीकडे गाडी घेऊन गेले. साहू मिस्त्री ट्रकवाल्यांच्या त्या पट्ट्यात नाव असलेला माणूस, पण बोलायला लागला की थांबायचा नाही. त्याने बॉनेट उघडलं, ऑइलचं झाकण काढलं, तर आतून भक्कन धूर! साहूने डोक्याला हात लावला.

"इंजन ह तेल पियत हे साहब. पिस्टन ढिल्ला, रिंग ढिल्ला. बोर कराए बर लागही."

बोर करणं म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कोरून मोठा करायचा आणि त्यात मोठा पिस्टन बसवायचा. हे नानांना माहीत होतं. पण तिथल्या एका दुकानातून त्यांनी घरी फोन लावला आणि ट्रकांच्या हॉर्नमध्ये एवढंच ओरडले, "सुमन! मिस्त्री म्हणते बोर करा लागेल!"

आता त्या वर्षी आमच्या पाऱ्यात दुसरं काय चाललं होतं? बोर! राजधानीत माणसं वाढली, नळाचं पाणी आटलं, आणि जो तो अंगणात बोर खोदून राहिला होता. काकू तर वर्षभर नानांच्या मागे लागल्या होत्या, आपल्याकडे बोर करा, बोर करा. त्यांना वाटलं, देव पावला! नवरा भाजी आणायला जावा आणि स्वतःहून बोर ठरवून यावा, असं त्यांच्या संसारात प्रथमच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धक्क्याला जमलो तर नानांच्या अंगणात एक धोतरवाले महाराज तळहातावर नारळ आडवा ठेवून हळूहळू चालत होते. पाणी शोधणारे. जिथे नारळ उभा राहतो तिथे खाली पाणी, असा हिशेब. मागे काकू हळदकुंकवाचं ताट घेऊन. महाराज तुळशीपाशी गेले, नारळ आडवा. आंब्यापाशी गेले, आडवा. फाटकापाशी गाडी उभी होती. तिथे महाराज थबकले. गाडीच्या बॉनेटसमोर तो नारळ थरथरला आणि ताडकन उभा राहिला!

महाराजांनी डोळे मिटले. पाय आपटला. आणि बॉनेटकडे बोट दाखवून म्हणाले, "यही जगह है! बोर यहीं होगा!"

नाना नुकतेच दाढी करून बाहेर आले होते. गालाला अर्धा साबण. त्यांनी महाराजांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "महाराज, साहू मिस्त्री भी यही बोल रहा है!"

विजू फाटकाला धरून खाली बसला. आणि काकूंना जेव्हा सगळा उलगडा झाला, आणि इंजिनाच्या बोरवरही नाना 'पाहू'च म्हणाले, तेव्हा त्या हसल्या नाहीत. ताट ओट्यावर ठेवून म्हणाल्या, "पाणी बी नाही आणि नागपूर बी नाही! माझ्या नशिबात एकही बोर नाही."

त्या दिवशी मला त्यांचं वाईट वाटलं. बहिणीचा तो टोमणा त्या विसरल्या नव्हत्या. पुढच्या मार्गशीर्षात बहिणीच्या नातीचं लग्न होतं, आणि रेल्वेने जायला त्या साफ नाही म्हणत होत्या. गेल्या तर याच गाडीने, नाही तर जाणारच नाही.

*

त्यानंतर विकायची पार्टी जोरात आली. खुद्द काकूच त्या पार्टीच्या अध्यक्ष. मास्तरांनी कुठून तरी गुढियारीचं एक गिऱ्हाईक आणलं. धान्याच्या बाजारातला माणूस, पांढरा सफारी, हातात दोन मोबाइल, तेव्हा एक असणंही मोठी गोष्ट होती.

तो गाडीभोवती फिरला. दारं वाजवून पाहिली, छत वाजवून पाहिलं. बॉनेटला हातही लावला नाही.

नाना बिचारे प्रामाणिक. म्हणाले, "इंजन का काम निकलेगा, पहले ही बता देता हूं."

"इंजन से हमको मतलब नहीं, दादा. इंजन तो निकाल के फेंकेंगे."

नानांचा चेहरा पडला. "फिर करोगे क्या?"

तो माणूस खुशीत आला. बोलता बोलता हाताने हवेत चित्र काढू लागला. त्याला नवीन चौपाटीवर, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, चाटचं दुकान टाकायचं होतं. पुरानी गाड़ी आजकल चलती है! छत कापणार, मागच्या सीटवर पाणीपुरीचे मटके, डिकीत आइसक्रीम. "और ये जो आगे वाली सीट है न, भाभीजी, यहां पे बड़ी वाली कढ़ाई!"

ती पुढची डावी सीट काकूंची. गाडी आल्यापासून त्या सीटवर दुसरं कोणी बसलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. प्रवासात सामान जास्त झालं तर नाना आम्हाला टपावर बसवायला निघायचे, पण ती सीट काकूंची.

"कढई?" काकू म्हणाल्या.

"हां, भाभीजी. समोसे, आलूगुंडे, सब गरमागरम."

काकू उठल्या. आम्हाला वाटलं, चहा आणायला गेल्या. त्या झाडू घेऊन आल्या. मारला, असं मी म्हणणार नाही. पण अंगण झाडायला घेतलं ते थेट त्याच्या बुटांपासून, आणि झाडत झाडत त्याला फाटकाबाहेर नेऊन सोडलं. दोन्ही मोबाइल छातीशी धरून तो गल्लीच्या टोकापर्यंत मागे पाहत गेला.

मास्तर मनापासून म्हणाले, "वहिनी, सौदा चांगला होता हो."

"मग तुमची सायकल द्या त्याले," काकू म्हणाल्या. "तिच्यावर तळू द्या!"

*

म्हणजे विकायचं संपलं. राहिलं बांधायचं. पण नाना 'पाहू'वरून हलेनात. आम्ही विचारलं, काय अडचण आहे? तर म्हणायचे, एकदा इंजिन उघडलं की ते आधीसारखं राहत नाही. विजू म्हणाला, "आधीसारखं राहू नाही म्हणूनच तर उघडाचं आहे न नाना!" पण उपयोग नाही.

शेवटी हा निर्णय कसा झाला? एका शब्दावर झाला. छत्तीसगडात 'हो'ला 'हव' म्हणतात. आमची मराठी माणसंही इथे राहून हव म्हणायला शिकलीत. पण नानांचा हव हो म्हणण्याचा नव्हता. कोणी बोलत असलं की मधून मधून हव, हव म्हणत राहायचं, म्हणजे समोरच्याला वाटतं आपण ऐकतोय. वीज खात्यात त्यांनी शेकडो तक्रारी नुसत्या 'हव'वर परतवल्या होत्या.

त्या दिवशी साहूकडे ते फक्त ऑइल टाकायला गेले होते. मी सोबत होतो. साहूने बाकडं पुसून दिलं, नाना पेपर उघडून बसले, आणि साहूचं सुरू झालं. जमाना खराब हो गे हे साहब. हव. नवा गाडी मन डब्बा आय साहब. हव. तोर इंजन पुराना हे, फेर लोहा असली हे. हव. हेड उतारबो, पिस्टन निकालबो, बोर करबो. हव, हव.

"तो खोलंव का साहब?"

"हव," नाना म्हणाले आणि पान उलटलं.

आम्ही कोपऱ्यावर चहा प्यायला गेलो. नेहमीप्रमाणे एकाचे दोन झाले. परत आलो तर गोणपाटावर इंजिन मांडलेलं होतं. म्हणजे पिस्टन वेगळे, हेड वेगळं, नट एका वाटीत, आणि साहू कोपरापर्यंत काळा होऊन आमच्याकडे अभिमानाने पाहत होता.

नाना खांबाला धरून उभे राहिले. "किसने बोला खोलने को?"

साहूला धक्काच बसला. "आपे मन तो हव कहेव, साहब!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदार. खोटं बोलता येईना. मी म्हटलं, "नाना, म्हणाले होते तुम्ही."

घरी परतताना रिक्षात त्यांनी तोच पेपर पुन्हा उघडला. काकूंना हे कसं सांगायचं याची मला धास्ती. शेवटी मीच सगळं सांगितलं, पेपरसकट. काकूंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, उलट चेहरा उजळला.

"यात काय नवीन आहे?" त्या म्हणाल्या. "माझे बाबा यांना लग्नाचं विचारायले आले होते न, तेव्हा बी हे पेपरच वाचून राहिले होते."

*

गाडी साहूकडे होती ते दिवस मात्र मला आवडले नाहीत. हे सरळच सांगून टाकतो.

सकाळी धक्का नाही म्हटल्यावर मी परस्पर ऑफिसला निघायचो. विजू दुसऱ्या रस्त्याने स्टेशनकडे वळायचा. तो गल्लीत राहतो की बदली होऊन गेला, हेही कळेना. मास्तरांची तर कमालच. इतकी वर्षं गाडी ढकलून त्यांना काही झालं नव्हतं आणि ढकलणं थांबल्यावर त्यांची कंबर धरली! डॉक्टरांना ते ठासून सांगत होते, "व्यायाम सुटला हो."

एकदा विजू रस्त्यात भेटला तर आम्ही पाहुण्यांसारखे बोललो. कसं काय, बरं आहे, तुमचं कसं. मला कसंतरीच वाटलं.

नाना नेहमीच्या वेळी फाटकाशी येऊन उभे असायचे. अंगावर भाजीला जायचे कपडे, हातात पिशवी. मी एकदा विचारलं, "नाना, पायी जाता का? मी येतो सोबत."

"नाही, तशी काही घाई नाही," ते म्हणाले आणि उभेच राहिले.

काकू ओट्यावरून ओरडल्या, "काल बी घाई नव्हती. परवा बी नव्हती. घरात दोन दिवसांपासून बेसनच चालू आहे!"

*

आणि आता नागपूरचं.

इंजिन बांधून झालं. साहूने गाडी स्वतः आणून दिली, सोबत सूचना दिल्या की नवीन बोर आहे, पहिले काही दिवस हळू चालवायची, लांब गेलात तरी दामटायची नाही. नाना हव, हव म्हणाले. या वेळी काकू शेजारी उभ्या राहून लक्ष देऊन ऐकत होत्या, कोणत्या हवला काय होऊन बसेल सांगता येत नाही.

लग्नाला निघायचा दिवस उजाडला. काकूंनी बहिणीला फोनवर बजावून ठेवलं होतं, "संध्याकाळी दारात उभी राहा. आणि डोळे उघडे ठेव." ठेवणीतली साडी नेसल्या, नथ घातली. आत्ताच नथ कशाला, असं नानांनी विचारलं तर म्हणाल्या, "दारात उतराचं आहे मले, स्टेशनावर नाही." डिकीत बॅग, चिवड्याचा डबा, आहेराचं भांडं. बॉनेटला हार. मिश्राजी माडीवरून पाहत होते. त्यांनी सवयीने खिडक्याही उघडून ठेवल्या होत्या.

आम्ही तिघंही आलो होतो. कोणी बोलावलं नव्हतं. मी ऑफिसला उशीर करून आलो, विजूने ड्युटी बदलून घेतली होती, मास्तर कमरेला पट्टा बांधून आले होते. निरोप द्यायला आलो होतो म्हणायचं, पण निरोप द्यायला माणूस खिडकीपाशी उभा राहतो. आम्ही आपले डिकीमागे उभे, आपापल्या जागी. मी डावीकडे, विजू मधे, मास्तर उजवीकडे.

नाना बसले. काकू त्यांच्या सीटवर बसल्या. नानांनी देवाचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली.

गाडी चालू झाली. पहिल्या किल्लीला! खोकला नाही, झटका नाही, धुराची रेघसुद्धा नाही. इतकी हळू की मास्तरांनी मला विचारलं, "लागली का?"

"लागली," मी म्हटलं.

"वा," मास्तर म्हणाले. "छानच झालं."

विजूने खिशात हात घातले, काढले, परत घातले. म्हणाला, "साहूनं काम चांगलं केलं, बाप्पा." मास्तर रुमालाने मागची काच पुसायला लागले. ती स्वच्छच होती.

नाना पुढे पाहत बसले होते. पहिला गिअर टाकलेला मला ऐकू आला. पण गाडी हलेना.

काकूंनी आरसा स्वतःकडे वळवला. नथ ठीक केली असेल, असं मला वाटलं. आरशात पाहतच होत्या, बराच वेळ. मग म्हणाल्या, "अहो."

"काय?"

"बंद करा."

"काहून? काही राहिलं का घरात?"

"बंद करा म्हणते न! माणसं उभी आहेत मागं."

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. किल्ली फिरवली. गाडी गप्प झाली.

काकूंनी काच खाली केली, नथ एका हाताने सांभाळत मान बाहेर काढली आणि आमच्याकडे वळून ओरडल्या, "हं, लावा रे पोट्टेहो!"